शेतातले किल्ले

किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रायगड, प्रतापगड उभे राहतात. किल्ल्यात राजाने राहावे आणि शेतकऱ्याने साध्या घरात, अशीच आपली समजूत. परंतु इटली देशाच्या दक्षिणेस पुलिया नावाचा प्रांत आहे, तेथे शेतातले घरच किल्ल्यासारखे बांधीत. नकाशात इटलीचा आकार बुटासारखा दिसतो. त्या बुटाची टाच म्हणजे हा प्रांत. अशा घरास तिकडे ‘मासेरिया’ म्हणतात. आज त्यांतील पुष्कळ घरांत पाहुणे पैसे देऊन राहतात. भीतीपोटी बंद राहणाऱ्या या घरांची दारे परक्या माणसांसाठी कशी उघडली, ती हकिगत मंडळाच्या भगिनींना आवडेल असे वाटते.

त्या भीतीला कारण होते. पुलियाला लांबच लांब समुद्रकिनारा आहे. १४८० साली तुर्की आरमाराने तेथील ओत्रांतो शहर घेतले, तेव्हा सुमारे ८०० पुरुषांची कत्तल झाली. शहर पुढच्याच वर्षी सुटले, पण लोकांच्या मनातली धास्ती गेली नाही. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील चाचे गलबतांतून येत, धान्य व गुरे लुटीत आणि माणसे धरून नेऊन गुलाम म्हणून विकीत. म्हणून सोळाव्या शतकात, स्पेनच्या अंमलाखाली, किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज उभारले गेले आणि जमीनदारांनीही आपल्या शेतघरांना तट घातले. पुढे १८६१ साली इटली एक राष्ट्र झाल्यावर काही वर्षे दरोडेखोरांनी उच्छाद मांडला, तेव्हाही हे तट उपयोगी पडले.

या घरांची बांधणी पाहण्यासारखी असते. दगडी भिंती चांगल्या जाड. बाहेरच्या अंगास खिडक्या थोड्या आणि लहान. राहण्याच्या खोल्या वरच्या मजल्यावर. काही ठिकाणी तेथे जाण्यास उचलता पूल असे, तो संकटाच्या वेळी ओढून घेत. दाराच्या बरोबर वर भोके ठेवलेला सज्जा. शत्रू दाराशी आला की त्यातून दगड टाकीत, नाहीतर उकळते तेल-पाणी ओतीत. आत मोठे अंगण, भोवती धान्याची कोठारे, मेंढवाडे, चीज करण्याची खोली, पावाची भट्टी, कबुतरखाना आणि लहानसे प्रार्थनामंदिर. प्रांतात मोठ्या नद्या नाहीत, म्हणून छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीखालच्या टाक्यात साठवीत. पुष्कळ ठिकाणी ऑलिव्हच्या तेलाचा घाणाही खडकात कोरलेल्या तळघरात असे. हे तेल केवळ स्वयंपाकासाठी नव्हते. गल्लीपोली बंदरातून ते जहाजांनी थेट लंडनपर्यंत जाई आणि तिकडे त्यावर दिवे जळत.

आता या तटाच्या आतबाहेर राबणारी माणसे पाहू. मालक बहुधा शहरात राही. शेताचा कारभार ‘मास्सारो’ पाही. कामाला रोजंदारीचे मजूर. त्यांना ‘ब्राच्चांती’ म्हणत. ‘ब्राच्चो’ म्हणजे बाहू. ज्याच्याजवळ दोन बाहूंखेरीज विकायला काही नाही, तो ब्राच्चांते. बायका वाकून वाकून जमिनीवर पडलेली ऑलिव्हची फळे वेचीत आणि मजुरी मात्र पुरुषांहून कमी घेत. गव्हाची कापणी झाल्यावर शेतातली धसकटे जाळीत. मग गरिबांघरच्या बायका राखेतून करपलेले दाणे वेचून आणीत आणि त्यांचे काळसर पीठ करून घर भागवीत, असे तिकडे सांगतात. म्हणजे चाच्यांपासून कोठार राखणाऱ्या त्याच तटाने कोठारातले धान्य भुकेल्या मजुरांपासूनही राखले.

१९५० साली इटलीत जमीनसुधारणेचे कायदे झाले. मोठ्या जमीनदाऱ्यांतील काही जमीन सरकारने घेऊन शेतकऱ्यांना वाटली. परंतु वाट्याला आलेल्या तुकड्यावर पुष्कळांचे भागेना. हजारो कुटुंबे मिलान, तुरीन आणि जर्मनीकडे कामधंद्याला गेली. कित्येक मासेरिया ओस पडल्या. कोणी त्यांत गुरे बांधली, कोठे छपरे कोसळली.

१९८५ साली तेथील सरकारने कायदा करून शेतकऱ्यास आपल्या घरी पाहुणे ठेवण्याची मुभा दिली. अट एवढीच की शेती हा मुख्य व्यवसाय राहावा. या कायद्याचा मोठा आधार झाला. काही मासेरिया मात्र सरळ महागडी हॉटेलेच बनल्या. मेंढवाड्याच्या खोल्या झाल्या, तळघरातला घाणा पाहुणे बघू लागले. या घरांचा लौकिक इतका वाढला की फाझानोजवळ तशाच धाटणीचे संपूर्ण नवे गाव हॉटेल म्हणून बांधले गेले. २०२४ च्या जूनमध्ये सात राष्ट्रांची परिषद तेथे भरली, तेव्हा आपले पंतप्रधानही निमंत्रणावरून गेले होते.

हे सारे चांगलेच झाले. घरे वाचली, हातांना काम मिळाले. २०१३ पासून एका रोगाने तिकडची ऑलिव्हची लाखो झाडे वाळली. अशा वेळी पाहुण्यांचे उत्पन्न कित्येकांच्या उपयोगी पडत असेल. पण एक गोष्ट मनाला लागते. ते करपल्या गव्हाचे पीठ आज खास पदार्थ म्हणून चढ्या दराने पानात येते. आणि त्याच प्रांतात २०१५ च्या उन्हाळ्यात द्राक्षमळ्यात काम करणारी एक मजूर बाई कामावरच मरण पावली. त्यावर ओरड झाली आणि २०१६ साली मजुरांना नाडणाऱ्या मुकादमांविरुद्ध कडक कायदा झाला. पाहुण्यांना सज्जा आणि बुरूज हौसेने दाखवितात. दाणे वेचणाऱ्या बायकांची गोष्टही तितक्याच आवडीने सांगितली पाहिजे.

आपल्याकडेही मराठवाड्यात, विदर्भात गावोगाव गढ्या होत्या. कित्येकींची पांढरी माती लोकांनी घरे बांधायला नेली. आपल्या राज्याने २०२० साली कृषिपर्यटनाचे धोरण ठरविले आहे. उद्या एखादी गढी, एखादा वाडा पाहुण्यांसाठी उघडेल, तर आनंदच आहे. मात्र तेथे कोणता सरदार राहिला याबरोबर पाणी कोण भरी, दळण कोण दळी, हेही कोणी सांगावे. ज्या भगिनींच्या माहेरी किंवा सासरी असे घर असेल, त्यांनी तेथल्या म्हाताऱ्या बायकांना आजच विचारून चार ओळी लिहून ठेवाव्यात. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्या अवश्य द्याव्यात, एवढीच विनंती.