नलिकायंत्र ते लाल ठिपका: शोधकाची गोष्ट



मागचं व्याख्यान संपल्यावर एक पालक थांबले होते. मुलीच्या हट्टापायी त्यांनी दुर्बीण मागवली होती. म्हणाले, "सर, चंद्र दिसतो, बाकी काही सापडत नाही. पोरगी म्हणते, मलाच जमत नाही. दुर्बिणीवरचा तो छोटा फाइंडर बदलावा म्हणतो. स्वस्तात कोणता घ्यावा?"

आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. पण 'मलाच जमत नाही' हे वाक्य आमच्या मनात राहिलं. तीसेक वर्षांपूर्वी आम्ही काही प्राध्यापकांनी वर्गणी काढून एक दुर्बीण आणली होती. शनी पाहायला गच्चीवर पोरं जमली. शनी नुसत्या डोळ्यांना समोर दिसत होता आणि दुर्बिणीत मात्र काळोख. तासभर आम्ही नळी इकडून तिकडे हलवत राहिलो. पोरं एकेक करून जिना उतरली. दुर्बीण माळ्यावर गेली ती गेलीच. भिंगात काही खोट नव्हती. शोधक आधी जुळवून घ्यायचा असतो, एवढंच आम्हाला ठाऊक नव्हतं. दुकानात ज्याला फाइंडर म्हणतात, त्याला आज आपण शोधक म्हणू.

म्हणून आज त्या पालकांना उत्तर द्यायचं आहे, पण इतिहासाच्या वाटेने. कारण ही अडचण नवी नाही, आणि तिच्यावरचा उपाय दुर्बिणीपेक्षाही जुना आहे.

आपल्या मुरुडचे दोन नामबंधू कोकणात आहेत. एक दापोलीजवळचं मुरुड. तिथे 1853 साली शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले. पेशाने शिक्षक, काही वर्षं आपल्या शेजारच्या बार्शीच्या शाळेतही ते होते. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ 1896 साली आला. दुसरं मुरुड जंजिऱ्याचं. त्याच्या जवळच नांदगाव आहे. दीक्षितांनी ज्यांच्याविषयी आदराने लिहिलं, ते केशव दैवज्ञ आणि त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ हे या नांदगावचे. वडिलांचा 'ग्रहकौतुक' शके 1418चा, म्हणजे 1496चा. मुलाचा 'ग्रहलाघव' शके 1442चा, म्हणजे 1520चा. या ग्रहलाघवावर पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रात पंचांगं होत राहिली.

या बापलेकांचं वैशिष्ट्य काय? जुन्या ग्रंथांवरून ग्रहाचं स्थान काढायचं, मग प्रत्यक्ष आकाशात पाहायचं, आणि दोन्हींत फरक पडला तर गणित दुरुस्त करायचं. आपल्याकडे याला दृक्प्रत्यय म्हणतात. गणिताने सांगितलेलं डोळ्यांना पटलं पाहिजे.

आता हे पटवायचं कसं? त्यासाठी आपल्या परंपरेत नलिकायंत्र होतं. यंत्र म्हणजे काय, तर एक पोकळ नळी. तिच्यात भिंग नाही, काही नाही. भास्कराचार्यांनी 1150 सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त तिचा प्रयोग दिला आहे. ग्रह अमुक वेळी किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला असेल हे आधी गणिताने काढायचं. त्या कोनात नळी आधारावर पक्की बांधायची. वेळ झाली की राजाला बोलवायचं आणि नळीतून ग्रह दाखवायचा. आकाशात नको असेल तर पाण्यातल्या प्रतिबिंबातही दाखवायचा.

यातली गंमत लक्षात घ्या. नळी काहीच मोठं करून दाखवत नाही. ती फक्त बाकीचं आकाश झाकते आणि 'इथे पाहा' म्हणते. ग्रह नळीत नसेल तर चूक गणकाची. पाहणाऱ्या राजाला कोणी 'तुम्हाला पाहता येत नाही' असं म्हणत नाही. मुलांना आकाश दाखवताना आपण नेमकं हेच विसरतो.

1610च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे उपग्रह पाहिले. त्याची दुर्बीण साधारण वीसपट मोठं करणारी होती, पण तिच्यातून एका वेळी पूर्ण चंद्रही मावत नव्हता. म्हणजे पाहण्याची ताकद वाढली आणि सापडण्याची कमी झाली. हा व्यवहार तेव्हापासून चालत आला आहे. आजची नवशिक्यांची दुर्बीण घ्या. 900 मिलिमीटर नाभीय अंतर आणि 10 मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे 90 पट. तिच्यातून जेमतेम चंद्राएवढा, अर्ध्या अंशाचा तुकडा दिसतो. एवढ्या आकाशातून एवढा तुकडा अंदाजाने गाठायचा, म्हणजे सुईच्या भोकातून जत्रेतलं आपलं पोर शोधण्यासारखं. म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी, कमी पटीची, मोठं आकाश दाखवणारी दुर्बीण बसवू लागले. तोच आपला शोधक.

आता पुण्याला येऊ. 1888 साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. पैसा भावनगरच्या महाराजांचा आणि मुंबई सरकारचा, धडपड प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांची. दुर्बीण डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्याकडची. वीस इंची आरशाची ही दुर्बीण बराच काळ देशातली सर्वांत मोठी होती. 1912 साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या जिद्दीवर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबर संपली. आपल्याकडे हे नवीन नाही.

पण आपल्या विषयाचा धागा ग्रब यांच्यापाशी आहे. याच ग्रब यांनी 1900 साली बंदुकीसाठी एक नेम-साधन काढलं. तिरकी काच, तिच्यावर प्रकाशाची खूण. ती खूण भिंगातून अशी येते, की डोळ्याला ती अनंत अंतरावर, लक्ष्यावरच टेकल्यासारखी वाटते. डोकं थोडं हललं तरी खूण लक्ष्यावरून सरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात हे तत्त्व लढाऊ विमानांत सर्रास वापरलं गेलं. आज दुर्बिणीवर मिळणारा लाल ठिपक्याचा शोधक, म्हणजे रेड डॉट, तो हाच. तोही काही मोठं करत नाही. नलिकायंत्रासारखाच, तो फक्त जागा दाखवतो.

आता निवड. स्वस्त दुर्बिणीबरोबर बहुधा 5×24 असं लिहिलेला प्लॅस्टिकचा शोधक येतो. पहिला आकडा किती पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. यातल्या बऱ्याच शोधकांत भिंगाच्या मागे लहान भोकाची चकती असते, त्यामुळे लिहिलेल्या 24 मिलिमीटरांतला फार थोडा प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. तारे अंधूक दिसतात आणि मूल म्हणतं, मलाच दिसत नाही.

आपल्या मुरुडसारख्या गावात, रस्त्यावरचे दिवे सोडून शेताकडे गेलं की नुसत्या डोळ्यांनी भरपूर तारे दिसतात. तिथे लाल ठिपकाच घ्यावा. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका ताऱ्यावर आणायचा, झालं. ठिपक्याचा उजेड कमीत कमी ठेवा आणि काम झालं की बटण बंद करा. नाहीतर सकाळी सेल संपलेला असतो. लातूर शहरात राहणाऱ्यांना मात्र मोजकेच तारे दिसतात. ठिपका टेकवायला तारा तर हवा! त्यांनी 6×30चा काचेच्या भिंगांचा शोधक घ्यावा. त्यात चित्र उलटं दिसतं, त्याची सवय होते. 8×50 उत्तम, पण लहान दुर्बिणीवर तो जड होतो, आणि तेवढ्या पैशांत चांगली नेत्रिका येते.

आणि पैसे नसतीलच तर? तीस सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर रुंद अशी नळी घ्या. डोळ्याकडचं तोंड पुठ्ठ्याने बंद करून त्याला बारीक भोक पाडा, पुढच्या तोंडावर दोऱ्याची फुली बांधा. तिच्यातून पाच अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दहा चंद्र शेजारी मावतील एवढं आकाश दिसतं. दुर्बिणीला ती समांतर बांधा आणि सर्वांत कमी पटीची नेत्रिका लावा. चंद्र, गुरू, शनी यांना एवढं पुरतं. भास्कराचार्यांना पुरलं होतं.

कोणताही घ्या, पण दिवसा जुळवा. एक-दोन किलोमीटरवरचा मोबाइलचा टॉवर आधी मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणा. मग दुर्बीण न हलवता शोधकाचे स्क्रू फिरवून टॉवरचं तेच टोक फुलीवर किंवा ठिपक्यावर आणा. समोरच्या घरावर जुळवू नका. जवळच्या वस्तूला दोन्ही नळ्यांमधलं अंतर आडवं येतं. आणि सूर्याकडे कधीही नाही. भिंगाच्या छोट्या शोधकातूनही क्षणात डोळा जातो. दिवसा काम संपलं की त्याचं झाकण लावून ठेवा.

त्या पालकांना आमचं उत्तर असं. नवा शोधक घेण्याआधी आहे तोच एकदा टॉवरवर जुळवून पाहा. कदाचित खर्च वाचेल. नाहीच जमलं तर मुरुडात लाल ठिपका. पण पोरीला आधी एक सांगा, की तिला शनी सापडला नाही यात तिची चूक नाही. नळी बांधणाऱ्याचं काम बाकी होतं. ते काम वडीलधाऱ्यांचं, शिक्षकांचं, आमचं. आम्ही त्या रात्री गच्चीवर ते केलं नाही, आणि जिना उतरून गेलेल्यांपैकी कोणी पुन्हा वर पाहिलं की नाही, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही.

आता प्रश्न असतील तर विचारा.