अग्निगोलाची साक्ष : आकाशातील क्षणाची नोंद कशी होते?

आकाशात दिसणाऱ्या बहुतेक उल्का क्षणभर चमकून विझतात. एखादी उल्का मात्र शुक्र ग्रहापेक्षाही तेजस्वी असते. तिला अग्निगोल म्हणतात. अग्निगोल केव्हा आणि कोठे दिसेल, हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे एरवी आकाशाच्या लहानशा भागावर रोखलेल्या मोठ्या दुर्बिणींपेक्षा त्या क्षणी घराच्या गच्चीवर किंवा रस्त्यावर असलेल्या सामान्य माणसाची साक्ष अधिक मोलाची ठरते. अशा साक्षी गोळा करून पडताळण्याचे काम जगभर मुख्यतः हौशी खगोलप्रेमींच्या संस्था करतात. अमेरिकन मिटिऑर सोसायटी १९११ साली, तर आंतरराष्ट्रीय उल्का संघटना १९८८ साली स्थापन झाली.

काय विचारले जाते?

निरीक्षक कोठे उभा होता, वेळ काय होती, उल्का कोणत्या दिशेला व क्षितिजापासून किती उंचीवर प्रथम दिसली, कोठे दिसेनाशी झाली, किती सेकंद दिसली, तिचे तुकडे झाले का, हे मुख्य प्रश्न असतात. उंची अंशांत सांगणे अनेकांना अवघड जाते. त्यासाठी हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची मानतात. तेज सांगताना शुक्राशी किंवा चंद्राशी तुलना करण्यास सांगितले जाते. आवाज ऐकू आला असल्यास तो किती वेळाने आला, हेही विचारतात. ध्वनीला ३० किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे दीड मिनिट लागते. त्यामुळे या विलंबावरून अंतराचा अंदाज बांधता येतो.

‘उल्का समोरच्या टेकडीमागेच पडली’ असे सांगणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात ती शंभर किलोमीटरहून दूर असू शकते. ज्यांचे दगड जमिनीपर्यंत पोहोचतात, ते अग्निगोलही बहुधा २० ते ३० किलोमीटर उंचीवरच विझतात. म्हणून अशा साक्षीतील अंतर बाजूला ठेवून केवळ दिशा घेतली जाते.

एका साक्षीतून एकच दिशा मिळते. परस्परांपासून दूर असलेल्या दोन ठिकाणांच्या दिशा जुळवल्या, की उल्केचा मार्ग ठरवता येतो. साक्षी जितक्या अधिक, तितक्या एकेकाच्या चुका उघड होतात. छायाचित्रात तारे टिपले गेले असतील, तर त्यांच्या आधारे मोजणी अचूक होते. हा मार्ग मागे नेल्यास उल्केची सूर्याभोवतीची कक्षा कळते. पुढे नेऊन वाऱ्याचा हिशेब केल्यास उल्कापाषाण, म्हणजेच अशनी, कोठे पडले असतील ते क्षेत्र ठरते.

विंचकोमचा धडा

२८ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री इंग्लंडच्या आकाशात अग्निगोल दिसला. सुमारे एक हजार लोकांनी तो पाहिल्याचे कळवले आणि व्यावसायिक व हौशी गटांच्या सहा जाळ्यांतील १६ कॅमेऱ्यांनी तो टिपला. पडण्याचे क्षेत्र जाहीर झाले. ग्लॉस्टरशायरमधील विंचकोम गावात एका घरासमोर पडलेले काळे तुकडे बारा तासांच्या आत गोळा झाले. सहा दिवसांनी मेंढ्यांच्या कुरणात १५२ ग्रॅमचा तुकडाही सापडला. हे कार्बनयुक्त उल्कापाषाण ओलाव्याने लवकर बदलतात. ते वेळीच हाती आल्यामुळे त्यांतील पाण्याची घडण पृथ्वीवरील पाण्याशी मिळतीजुळती असल्याचे अभ्यासता आले.

उल्का की अवकाश-कचरा?

प्रत्येक साक्ष उल्केचीच नसते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेशात तेजस्वी रेघांचा पुंजका सरकताना दिसला. अनेकांना तो उल्कापात वाटला. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे आढळले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या अग्निबाणाचे ते अवशेष असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. येथे कालावधीची नोंद निर्णायक ठरते. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा काही सेकंदांतच संपते. कृत्रिम वस्तूचा वेग आठ किलोमीटरच्या आसपास असतो. ती जवळजवळ आडवी सरकत जाते आणि एक मिनिट किंवा त्याहून अधिक काळही दिसू शकते.

नोंद करताना

अग्निगोल दिसताच घड्याळ पाहावे आणि इतरांशी चर्चा करण्यापूर्वीच पाहिलेले लिहून काढावे. ऐकीव तपशील आठवणीत नकळत मिसळतात. उल्का ज्या खांबाच्या किंवा इमारतीच्या वर दिसली, ती खूण लक्षात ठेवल्यास होकायंत्राने दिशा दुसऱ्या दिवशीही मोजता येते. सीसीटीव्हीचे मूळ चित्रण जपून ठेवावे व त्यातील घड्याळ किती पुढे-मागे आहे ते नोंदवावे. संशयास्पद दगड आढळल्यास तो आहे त्या जागीच शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे. त्याला लोहचुंबक लावू नये, कारण त्यामुळे दगडातील मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. उघड्या हाताने स्पर्शही टाळावा. भारतात सापडलेल्या उल्कापाषाणांचे जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग करतो. मात्र दगड तेथवर पोहोचण्यासाठी कोणीतरी वेळ आणि दिशा प्रामाणिकपणे लिहून ठेवलेली असावी लागते.