बाघचा ताम्रपट आणि मोठेपणीचा गोवर

धार जिल्ह्यातील बाघची लेणी त्यांतील भित्तिचित्रांमुळे सर्वश्रुत आहेत. १९२१ साली नंदलाल बोस प्रभृती चित्रकारांनी तेथे जाऊन त्या चित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. परंतु याच लेण्यांत चित्रांइतकीच मोलाची आणखी एक वस्तू सापडली. ती म्हणजे माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा ताम्रपट. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कलचुरी-चेदी लेखसंग्रहात त्याचा समावेश केला आहे.

या पटान्वये दासिलकपल्ली हे गाव कलयन नामक विहारास दान दिले आहे. भगवान बुद्धाच्या पूजेसाठी गंध, धूप व पुष्पे, पडझडीची दुरुस्ती, आणि चारी दिशांकडून येणाऱ्या भिक्षुसंघास वस्त्र, अन्न, रुग्णशुश्रूषा, शय्या, आसने व औषधे पुरविणे, हे त्या दानाचे हेतू होत. दान देणाऱ्याने शुश्रूषा आणि औषध यांची गणना वेगवेगळी केली आहे, ही गोष्ट चिंतनीय आहे. औषध दिले म्हणजे शुश्रूषा झाली असे त्या काळीही कोणी मानीत नव्हते.

हा भेद आज आठवण्याचे कारण, ज्यांस आपण ‘बाळपणीचे आजार’ म्हणतो ते मोठेपणी झाले असता आपण कसे वागतो, हे होय. मुलास गोवर आला की घरात ठरीव रीत सुरू होते. त्यास अंथरुणावर ठेवतात, दाराशी कडुलिंबाचा डहाळा लावतात, येणेजाणे थांबवितात. शीतळेच्या सप्तमीस तर चूलही पेटवीत नाहीत. या आचारामागील श्रद्धा कोणतीही असो, त्यायोगे मुलास विश्रांती लाभते. परंतु तोच गोवर चाळिशीच्या गृहस्थास झाला तर घरचे हसतात, आणि तो स्वतः संकोचाने ताप अंगावर काढून कामावर जातो.

वस्तुतः बाळपण हा त्या रोगाचा गुण नव्हे. आपली व त्याची गाठ कोणत्या वयात पडते, एवढाच तो प्रश्न आहे. दाट वस्तीत ती गाठ लहानपणीच पडते. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १७८१ नंतर गोवर आलाच नव्हता. १८४६ साली तो आला तेव्हा सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी ६,००० हून अधिक लोक आजारी पडले, त्यांत प्रौढही पुष्कळ होते. डेन्मार्कच्या पानुम नामक तरुण वैद्याने नोंदविले की, १७८१ साली ज्यांना गोवर झाला होता त्या वृद्धांस तो पुन्हा झाला नाही. त्यापूर्वी १८२४ साली हवाईचे राजा कामेहामेहा दुसरे व राणी कामामालू लंडनला गेले असता, ऐन तारुण्यात, गोवरानेच दगावले. ज्या बेटांवर गोवर ठाऊक नव्हता तेथे तो बालकांचा रोग नव्हताच.

आता ज्याचे हृदय आधीच दुबळे आहे अशा प्रौढाचा विचार करू. ताप चढला की नाडी जलद होते, शरीरास प्राणवायू अधिक लागतो. गोवरामागोमाग फुप्फुसदाह झाला तर तोच प्राणवायू कमी पडतो. निरोगी हृदय हा भार पेलते, झिजलेले हृदय थकते. संधिज्वराची कथा तर अधिक बोलकी आहे. घशाच्या जंतुसंसर्गामागून येणारा हा ज्वर बहुधा ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो व हृदयाच्या झडपांवर व्रण ठेवून जातो. तो मोठेपणी उलटला तर त्या झडपा आणखी बिघडतात. म्हणूनच अशा रुग्णांस वैद्य वर्षानुवर्षे, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पेनिसिलिनची सुई देतात. ती चुकविणे म्हणजे बाळपणीच्या शत्रूस पुन्हा दार उघडणे होय.

अशा रुग्णास पुरळ उठले व ताप आला, तर धाप लागणे, पाय सुजणे वा उताणे निजता न येणे यांस ‘तापाचा थकवा’ म्हणून सोडून देऊ नये, आणि हृदयाची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. गोवराची लस १९६३ पासून उपलब्ध आहे. ती जिवंत विषाणूची असल्याने गर्भवतीस, तसेच प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यास, देत नाहीत. इतर प्रौढांनी आपल्या वैद्यास विचारून ती घ्यावी.

आपल्या देवस्थानांतही यात्रेच्या दिवशी चारी दिशांकडून माणसे येतात, आणि त्यांच्यासवे त्यांचे रोगही येतात. गावच्या उत्पन्नातून रुग्णाच्या शय्येची सोय करणारा तो दाता पुण्याचे मर्म जाणत होता. धर्मशाळेत एक शांत खोली राखून ठेवणे, आणि ‘एवढ्या वयात गोवर!’ असे न हसता आजाऱ्यास पाणी व विसावा देणे, एवढे आपणही करू शकतो. तेही त्या ताम्रपटाचेच पालन ठरेल.