‘पंक्चरवाला’ : एका हिणवणीमागचा इतिहास

१/ मुसलमानांना हिणवण्यासाठी ‘पंक्चरवाला’ हा शब्द आज सर्रास वापरला जातो. धंदा जणू रक्तातूनच येतो, असा त्यामागचा भाव. धाराशिवचा इतिहास वेगळे सांगतो.

२/ निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. फौज, पोलीस आणि कचेऱ्यांत मुसलमानांचा भरणा मोठा होता.

३/ रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. रझाकारांनी रयतेवर अनन्वित अत्याचार केले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला. त्यानंतरच्या सूडसत्रात मात्र असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादची गणना केली.

४/ निजामी फौज मोडीत निघाली, १९४९ मध्ये जहागिरी संपल्या, उर्दूचे राजभाषापद गेले. चाकरीवर जगणाऱ्या अनेक घरांना अल्प भांडवलाचे, हातावरचे धंदेच उरले. २००६ मध्ये सच्चर समितीलाही देशभरात मुसलमानांत स्वयंरोजगाराचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले.

५/ धंदा परिस्थितीने पदरात पडतो. पंक्चर काढणारा हात कष्टाचा आहे; त्याची शिवी करणे म्हणजे पूर्वजांवर कोसळलेल्या आपत्तीसाठी नातवंडांना हिणवणे होय.