पालथे की उताणे?

बाळ अंगावर पिते, आई त्याला खांद्यावर घेऊन पाठ थोपटते, ढेकर निघतो आणि त्याच्याबरोबर घोटभर दूध पदरावर येते. मग घरात चर्चा सुरू होते. दूध बाधले का? आईच्या खाण्यात काही आले का? या साध्या गुळणीच्या भीतीतून विसाव्या शतकात एक मोठी चूक घडली. तिची हकिगत आपण वर्गात सांगायला हवी.

आधी गुळणीचे कारण पाहू. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. तान्ह्या बाळात ते मधूनमधून सैल पडते. जठर लहान, आहार पातळ आणि बाळ बहुतेक वेळ आडवे, त्यामुळे दूध सहज वर येते. शिकागो परिसरातील निरोगी बाळांची 1997 साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की पहिल्या तीन महिन्यांत सुमारे निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध बाहेर टाकतात. चौथ्या महिन्यात हे प्रमाण दोनतृतीयांशापर्यंत जाते आणि वर्षाच्या आसपास जेमतेम 5 टक्के उरते. म्हणजे बाळ बसू, उभे राहू लागले की प्रश्न बहुधा आपोआप मिटतो.

पण झोपेत दूध वर येऊन श्वासनलिकेत गेले तर? बेशुद्ध माणसाला उताणे ठेवू नये, हे प्रथमोपचारात आपणही शिकवतो. तोच न्याय बाळाला लावला गेला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरील पुस्तकाच्या जगभर कोट्यवधी प्रती खपल्या. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धातील आवृत्त्यांत त्यांनी बाळाला पालथे झोपवावे असे सुचवले. उताण्या बाळाने ओकारी केली तर ते गुदमरेल, हे त्यांनी दिलेले एक कारण. पुढे अपुऱ्या दिवसांची बाळे पालथी ठेवल्यास त्यांना प्राणवायू अधिक चांगला मिळतो असे रुग्णालयांत दिसले आणि हा सल्ला आणखी पक्का झाला. युक्तिवाद बिनचूक वाटत होता. फक्त तो कोणी तपासला नव्हता.

युक्तिवादातली खोट शरीररचनेत आहे. दोन नळ्या एकीवर एक आडव्या धरून हे वर्गात दाखवता येईल. श्वासनलिका छातीच्या बाजूला, अन्ननलिका पाठीच्या बाजूला. बाळ उताणे असले की श्वासनलिका वर राहते. वर आलेल्या दुधाला तिच्यात शिरायला चढावे लागेल, म्हणून ते पुन्हा खाली अन्ननलिकेत ओघळते. बाळ पालथे केले की श्वासनलिका खाली येते. शिवाय निरोगी बाळ बेशुद्ध नसते. ते गिळते, खोकते, मान वळवते.

दरम्यान, झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे कोडे डॉक्टरांना सुटत नव्हते. गुदमरून गेलेली बहुतेक बाळे पालथी आढळतात, असे न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड अब्रामसन यांनी 1944 सालीच नोंदवले होते. तिकडे दुर्लक्ष झाले. नेदरलँड्समध्ये 1970 च्या सुमारास पालथे झोपवण्याचा सल्ला रुजला आणि पाठोपाठ असे मृत्यू वाढले. 1987 साली तो सल्ला मागे घेतला गेला, तेव्हा मृत्यू घटले. ब्रिस्टलच्या पीटर फ्लेमिंग यांच्या गटाने 1990 साली आकडा मांडला : पालथ्या झोपणाऱ्या बाळांना धोका जवळजवळ नऊ पट. ब्रिटनने 1991 च्या डिसेंबरात आणि अमेरिकेने 1994 साली बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम काढली. अमेरिकेत 1992 साली दर हजार बाळांमागे 1.2 असे मृत्यू होत, ते 2001 पर्यंत 0.56 वर आले. दूध घशात अडकून होणारे मृत्यू मात्र वाढले नाहीत. ज्या भीतीसाठी हा सारा खटाटोप झाला, तीच निराधार निघाली.

आपल्याकडे तान्हे बाळ पाळण्यात बहुधा उताणेच ठेवतात. पालथे पडणे हा चौथ्या-पाचव्या महिन्यातला कौतुकाचा प्रसंग. पण आपल्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक होते, अशी फुशारकी आम्ही मारणार नाही. त्यांनीही मोजले नव्हते. डोके गोल व्हावे म्हणून ठेवली जाणारी मोहरीची उशी आणि भोवतीच्या दुलया-गोधड्या आजच्या सल्ल्यात बसत नाहीत.

गुळणी टाकणाऱ्या बाळाचे अंगावरचे दूध तोडू नये. आईचे दूध वरच्या दुधापेक्षा जठरातून लवकर पुढे सरकते. पाजल्यावर थोडा वेळ बाळाला उभे धरावे, घाईने पाळण्यात घालू नये. ओकारी हिरवी किंवा रक्ताची असेल, पिचकारीसारखी उडत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

2005 साली रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये जुने सारे अभ्यास एकत्र मांडून पाहिले. पालथे झोपवणे घातक आहे हे कळण्याइतका पुरावा 1970 मध्येच हाताशी होता. तेव्हाच तो कोणी एकत्र करून पाहिला असता, तर त्यांच्या हिशोबाने एकट्या ब्रिटनमध्ये 10,000 हून अधिक बाळे वाचली असती.