वैमानिकाचे निवृत्तीवय आणि सेवाज्येष्ठता

प्रवासी विमान चालवणाऱ्याच्या नोकरीला दोन मोजपट्ट्या लागतात. पहिली वयाची. ठरावीक वय ओलांडले की परवाना हाती असूनही प्रवासी विमान चालवता येत नाही. दुसरी सेवाज्येष्ठतेची. कंपनीत कोण कधी रुजू झाला त्या क्रमाने एक यादी असते. सहवैमानिकाचा कमांडर कधी होणार, लहान विमानावरून लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानावर कोण जाणार, मुंबईचा तळ कोणाला आणि ऐन गणपतीत रजा कोणाला, यांत त्या यादीचा शब्द मोठा असतो. वयाची मर्यादा सुरक्षिततेसाठी आखली गेली आणि ज्येष्ठता कामगारांच्या न्यायासाठी. दोन्हींचे हेतू वेगळे असले तरी एकीला हात लावला की दुसरी हलते. भारतात हा इतिहास मुख्यतः मुंबईत घडला, कारण देशाची पहिली मोठी विमान कंपनी तिथेच उभी राहिली.

जुहू ते राष्ट्रीयीकरण

जे. आर. डी. टाटा यांना १९२९ साली भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी टपाल घेऊन एक इंजिनाचे पुस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरवले. तिथून बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार केला. टाटांचे वय तेव्हा २८ होते. वैमानिक बोटांवर मोजण्याइतके आणि सगळेच तरुण असल्याने निवृत्तीचा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता. हवामान, विमानाचे यंत्र आणि नशीब यांतून जो टिकला तोच ज्येष्ठ.

१९४६ साली टाटा एअरलाइन्सची 'एअर इंडिया' झाली. ८ जून १९४८ रोजी तिच्या 'मलबार प्रिन्सेस' या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबई–लंडन सेवा सुरू झाली. अशा विमानाच्या कॉकपिटमध्ये वैमानिकांबरोबर फ्लाइट इंजिनिअर, दिशादर्शक आणि रेडिओ ऑपरेटरही बसत. म्हणजे कॉकपिटमध्येच नोकरीची उतरंड तयार झाली होती.

१९५३ च्या एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने १ ऑगस्ट १९५३ पासून हवाई वाहतूक सरकारी झाली. आंतरराष्ट्रीय सेवा एअर इंडियाच्या महामंडळाकडे गेली. देशांतर्गत सेवा चालवणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी करण्यात आली. डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, कलिंग एअरलाइन्स अशा निरनिराळ्या घरांतले वैमानिक एका छताखाली आले. ज्येष्ठता त्या त्या कंपनीपुरतीच असते. कंपन्या एकत्र आल्या की 'आपल्यातला मोठा कोण' हा प्रश्न उभा राहतो, आणि पुढच्या सत्तर वर्षांत तो पुन्हा पुन्हा उभा राहिला.

साठ वर्षांची रेषा

वयाची मर्यादा पहिल्यांदा ठळकपणे आखली ती अमेरिकेने. तेथील विमान वाहतूक प्रशासनाचे प्रमुख एल्वुड क्वेसाडा यांनी काढलेला नियम मार्च १९६० मध्ये लागू झाला आणि साठाव्या वर्षानंतर मोठ्या विमान कंपन्यांची विमाने चालवणे बंद झाले. हृदयविकाराचा अचानक झटका आणि उतारवयात मंदावणारे प्रतिसाद ही कारणे दिली गेली. पण पार्श्वभूमी केवळ वैद्यकीय नव्हती. पिस्टन इंजिनांची विमाने जाऊन जेट विमाने येत होती आणि ज्येष्ठ वैमानिकांच्या सक्तीच्या निवृत्तीवरून कंपन्या व वैमानिकांच्या संघटना यांच्यात वाद चालू होते. म्हणजे सुरक्षिततेचा हा नियम जन्मला तोच नोकरीच्या वादाच्या सावलीत. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनेही साठीचीच रेषा स्वीकारली आणि ती जगभर रूढ झाली.

या रेषेला वळसा घालायचे प्रयत्नही झाले. तीन जणांच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरला साठीची अट नव्हती. त्यामुळे साठी गाठलेले कॅप्टन कमांडरची डावी खुर्ची सोडून मागच्या इंजिनिअरच्या खुर्चीवर बसू पाहत. टीडब्ल्यूए कंपनीतल्या अशा कॅप्टनांचा वाद १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अन्य कारणाने पद गमावलेल्या कॅप्टनला इंजिनिअरच्या जागेवर जाण्याचा जो हक्क होता, तो वयामुळे पद गमावणाऱ्याला नाकारणे हा भेदभाव ठरला. पण ती तिसरी खुर्चीच पुढे नाहीशी झाली. एअर इंडियाकडे १९८६ मध्ये आलेले एअरबस ए-३१० आणि इंडियन एअरलाइन्सकडे १९८९ मध्ये आलेले ए-३२० ही दोघांनी चालवायची विमाने होती. शिडीची एक पायरीच गेल्याने सहवैमानिकाच्या बढतीची सारी वाट कमांडरच्या एका खुर्चीपाशी येऊन थांबली.

मुंबईतला खटला: पस्तिशीची निवृत्ती

निवृत्तीवय आणि ज्येष्ठता यांची सर्वांत कडवी लढाई भारतात वैमानिकांनी नव्हे, तर हवाई सुंदरींनी लढली. एअर इंडियाच्या सेवानियमांतील नियम ४६ प्रमाणे हवाई सुंदरीची नोकरी तीनपैकी जे आधी घडेल त्यावर संपत असे: वयाची ३५ वर्षे पूर्ण होणे, सेवेच्या पहिल्या चार वर्षांत लग्न, किंवा पहिले गरोदरपण. नियम ४७ नुसार व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीने मुदत वर्षावर्षाने वाढवत ४५ पर्यंत नेता येई. त्याच विमानात तेच काम करणारा पुरुष कर्मचारी मात्र ५८ व्या वर्षापर्यंत राही. त्याच्यापुढे बढतीच्या पायऱ्या होत्या. तिची शिडी अर्ध्यातच काढून घेतलेली होती.

१९६५ चा खोसला लवाद आणि १९७२ चा महेश लवाद यांच्यापुढे या सेवाशर्ती गेल्या, पण मूळ भेद कायम राहिला. अखेर नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गरोदरपणामुळे नोकरी संपवण्याची अट न्यायालयाने अमानुष आणि मनमानी ठरवून रद्द केली. मुदतवाढ देण्याचा व्यवस्थापकीय संचालकाचा अनिर्बंध अधिकारही काढून घेतला. पण चार वर्षांच्या आत लग्नाची बंदी न्यायालयाने मान्य केली, आणि स्त्री व पुरुष कर्मचारी हे वेगवेगळे संवर्ग असल्याचे मान्य करून वयातला फरकही राहू दिला.

पुढे मर्यादा वाढत गेली. नव्वदच्या दशकात हवाई सुंदरींना उड्डाणासाठी ५० वर्षांची मर्यादा होती आणि त्यानंतर ५८ पर्यंत जमिनीवरचे काम करण्याची मुभा. जमिनीवर आल्यावर उड्डाणभत्ते बंद होत आणि उत्पन्नाचा मोठा भाग तुटे. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये हा भेद बेकायदा ठरवला, तर जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ते निकालपत्र न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांनी लिहिले. २०११ मध्ये मात्र विमानातील पर्यवेक्षकाचे पद केवळ पुरुषांसाठी राखून ठेवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तोवर वर्षांनी ज्येष्ठ असलेल्या स्त्रीला कनिष्ठ पुरुषाच्या हाताखाली काम करावे लागे. निवृत्तीचे वय वाढले तरी ज्येष्ठतेचा मान आपोआप मिळत नाही, हा या लढ्याचा धडा आहे.

साठवरून पासष्ट

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीस भारतात नव्या खासगी कंपन्यांची रांग लागली: २००३ मध्ये एअर डेक्कन, २००५ मध्ये किंगफिशर व स्पाइसजेट, २००६ मध्ये इंडिगो. अनुभवी कमांडर मिळेनासे झाले आणि परदेशी वैमानिक आणावे लागले. जगभर हीच ओढाताण होती. २३ नोव्हेंबर २००६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने कमांडरची मर्यादा ६५ केली, मात्र जोडीचा वैमानिक साठीच्या आतला हवा अशी अट घातली. ती अट नोव्हेंबर २०१४ मध्ये उठली. साठीनंतर वैद्यकीय तपासणी दर सहा महिन्यांनी करणे बंधनकारक राहिले. भारतातही आज ६५ हीच मर्यादा आहे. जपानने तर २०१५ मध्ये ती ६७ पर्यंत नेली.

अमेरिकेने डिसेंबर २००७ मध्ये ६५ वर्षांचा कायदा केला, तेव्हा त्यात ज्येष्ठतेविषयी एक कठोर कलम घातले. कायदा येण्यापूर्वीच साठी ओलांडून बाहेर पडलेल्या वैमानिकाला परत येता येईल, पण नवा नोकरदार म्हणून, आधीच्या ज्येष्ठतेचा एक दिवसही न मोजता. कालपर्यंत यादीच्या माथ्यावर असलेला माणूस आज तिच्या तळाशी. दुसरीकडे, सेवेत असलेले ज्येष्ठ आणखी पाच वर्षे थांबल्याने खालच्या सहवैमानिकांची बढतीही अडली. नियम एकच, पण कोणाच्या वाट्याला लाभ आणि कोणाच्या वाट्याला तोटा हे यादीतल्या जागेने ठरले.

वैमानिकाच्या सर्वांत चांगल्या पगाराची वर्षे ही शेवटची वर्षे असतात. पंचविशीत रुजू झालेला एअर इंडियाच्या जुन्या नियमाप्रमाणे ५८ व्या वर्षी निवृत्त झाला तर ३३ वर्षांची सेवा होते, ६५ पर्यंत थांबला तर ४०. ही जादा सात वर्षे यादीच्या माथ्यावरची, म्हणून सर्वाधिक मोलाची. ती पदरात पाडायची तर तब्येतही साथ द्यायला हवी, कारण एका तपासणीत नापास झाल्याने परवाना हातचा जाऊ शकतो. आणि हीच सात वर्षे त्याच्या मागच्याला सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत काढावी लागतात.

विलीनीकरण आणि संप

२००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकाच सरकारी कंपनीत विलीन झाल्या. कागदावर कंपनी एक झाली, वैमानिक मात्र दोन संघटनांत राहिले: एअर इंडियाच्या बाजूने इंडियन पायलट्स गिल्ड, इंडियन एअरलाइन्सच्या बाजूने इंडियन कमर्शिअल पायलट्स असोसिएशन. देशांतर्गत सेवेतला वैमानिक लहान विमानावर तुलनेने लवकर कमांडर होई. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांवरच्या सहवैमानिकाला त्यासाठी जास्त वर्षे वाट पाहावी लागे. मग एकत्रित यादीत वर कोण, आधी कमांडर झालेला की आधी रुजू झालेला?

२०११ च्या एप्रिल-मेमध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनसमानतेसाठी दहा दिवस संप केला. त्यानंतर या वादांवर न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २०१२ च्या सुरुवातीस तिचा अहवाल आला. त्याच वर्षी मे ते जुलै असा ५८ दिवसांचा संप एअर इंडियाच्या वैमानिकांनी केला. येऊ घातलेल्या बोइंग ७८७ विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांना दिल्यास आपली बढती मागे पडेल, ही त्यांची भीती होती. शंभरावर वैमानिकांना बडतर्फ करण्यात आले आणि संघटनेची मान्यता काढली गेली. विलीनीकरणाआधीच ज्येष्ठतेचा निकाल लावला असता, तर या संपाचे मूळ कारणच उरले नसते.

खासगी कंपन्यांच्या वैमानिकांनी दुसरा अनुभव घेतला. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची आणि १७ एप्रिल २०१९ रोजी मुंबईच्या जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. अनुभवी कमांडरला दुसरीकडे कमांडर म्हणून जागा मिळू शकते, पण त्या यादीत त्याचा क्रमांक नव्याने सुरू होतो. उड्डाणाचे तास बरोबर नेता येतात, ज्येष्ठता मागेच राहते.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. तिथे वैमानिक ५८ व्या वर्षी निवृत्त होत. त्याच वर्षी निवृत्तांना पाच वर्षांसाठी कमांडर म्हणून परत घेण्याची तयारी कंपनीने दाखवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन झाली. विस्ताराचे निवृत्तीवय ६० होते, त्यामुळे एकाच कंपनीत दोन वये आली. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर इंडियाने वैमानिकांचे निवृत्तीवय ६५ आणि जमिनीवरील कर्मचाऱ्यांचे ६० केले.

१९५३ पासूनच्या या घडामोडींतून एक गोष्ट स्पष्ट होते. वय कितीपर्यंत हे वैद्यकशास्त्राने आणि कायद्याने ठरवावे, पण ते बदलण्याआधी ज्येष्ठतेची यादी कशी लागेल हे वैमानिकांना लेखी आणि वेळेत कळले पाहिजे. ज्याला आणखी सात वर्षे मिळतात त्याच्याइतकाच, ज्याला सात वर्षे वाट पाहावी लागते तोही त्याच कॉकपिटमध्ये बसतो. दोघांनाही न्याय्य वाटेल अशी यादी आधी आणि वयाचा बदल नंतर, हाच क्रम योग्य आहे.