निकॉन डी१ : एका कॅमेऱ्याची घोषणा आणि छायाचित्रकारांमधील दुही

#इतिहास #थ्रेड

१/
१५ जून १९९९. जपानच्या निकॉन कंपनीने ‘डी१’ या व्यावसायिक डिजिटल कॅमेऱ्याची घोषणा केली. २.७ मेगापिक्सेल, सेकंदाला साडेचार चित्रे आणि जपानमधील किंमत ६,५०,००० येन. आज हे आकडे किरकोळ वाटतात. परंतु त्या काळी जगभरातील वृत्तछायाचित्रकारांना या घोषणेने आपल्या व्यवसायाचा फेरविचार करायला लावले.

२/
डिजिटल कॅमेरा तेव्हा नवा नव्हता. डिसेंबर १९७५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे कोडॅकचे तरुण अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला नमुना तयार केला होता. १०० × १०० बिंदूंचे ते कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. यंत्राचे वजन साडेतीन किलोहून अधिक होते.

३/
१९९१ मध्ये कोडॅकने ‘डीसीएस’ हा व्यावसायिक डिजिटल कॅमेरा बाजारात आणला. देह निकॉन एफ३चा, संवेदक कोडॅकचा आणि चित्रे साठवण्यासाठी खांद्याला अडकवायची एक वेगळी पेटी, जिची क्षमता २०० मेगाबाइट होती. किंमत २०,००० डॉलरांच्या घरात. या कॅमेऱ्याच्या एकूण ९८७ प्रतीच विकल्या गेल्या.

४/
१९९४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी कोडॅकने ‘एनसी२०००’ तयार केला. तोही १.३ मेगापिक्सेलचा आणि सुमारे १७,००० डॉलरांचा. असे कॅमेरे संस्था विकत घेत आणि छायाचित्रकार ते वापरत. स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या मुक्त छायाचित्रकाराच्या आवाक्यापलीकडची ही वस्तू होती.

५/
डी१ने नेमका हाच अडसर दूर केला. अमेरिकेत त्याची किंमत ५,००० डॉलरांच्या आसपास होती. शिवाय दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला इलेक्ट्रॉनिक पाठ जोडण्याचा हा प्रकार नव्हता. एकाच कंपनीने मुळापासून घडवलेला तो अखंड कॅमेरा होता. १९५९च्या निकॉन एफपासून चालत आलेल्या माउंटच्या कित्येक लेन्स त्याला बसत. जुनी पुंजी वाया जाणार नव्हती.

६/
सर्वाधिक आनंद झाला तो क्रीडाछायाचित्रकारांना. याचे कारण समजण्यासाठी रात्रीच्या सामन्याचा विचार करावा. सामना संपायचा, रोल धुवायचा, वाळवायचा, निगेटिव्ह निवडायची, स्कॅन करायची आणि मग टेलिफोनच्या तारेवरून पाठवायची. परगावी तर हॉटेलच्या न्हाणीघरालाच डार्करूम करावे लागे.

७/
रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअस ठेवावे लागते आणि त्या एका टप्प्यालाच सव्वातीन मिनिटे जातात. पुढे ब्लीच, फिक्सर, पाण्याने धुणे आणि वाळवणे आहेच. इकडे छपाईची वेळ कोणासाठी थांबत नसे. डिजिटल कॅमेऱ्याने हा सारा मधला प्रवासच पुसून टाकला.

८/
आणखी एक लाभ अनपेक्षित होता. डी१चा संवेदक २३.७ × १५.६ मिलिमीटरचा, तर फिल्मची चौकट ३६ × २४ मिलिमीटरची. त्यामुळे दृश्य दीडपट जवळ आल्यासारखे भासे. ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० मिलिमीटरसारखी काम करू लागली. मैदानाच्या कडेला बसणाऱ्यांसाठी हे वरदानच ठरले.

९/
पण याच गुणाने इतर छायाचित्रकार नाराज झाले. मोर्चे, गर्दी, अरुंद खोल्या टिपणाऱ्यांची २० मिलिमीटरची रुंद लेन्स आता ३० मिलिमीटरसारखी वागू लागली. लहान संवेदकासाठी घडवलेली निकॉनची पहिली खास रुंद लेन्स, १२-२४ मिलिमीटरची, येण्यासाठी २००३ साल उजाडावे लागले.

१०/
दुसरा आक्षेप गणिताचा होता. डी१चे चित्र २,००० × १,३१२ बिंदूंचे. इंचाला २०० बिंदू धरले, तर वृत्तपत्रात ते दहा इंच रुंद छापता येते. पहिल्या पानासाठी ते पुरेसे. गुळगुळीत कागदाच्या मासिकाला मात्र इंचाला ३०० बिंदू लागतात. तेथे रुंदी पावणेसात इंचांवर संपते. दोन पानी चित्राचा तर प्रश्नच नव्हता.

११/
तिसरा आक्षेप रंगांचा. डी१च्या चित्रांत त्वचेवर जांभळट-गुलाबी झाक येते, ही तक्रार लवकरच सर्वत्र ऐकू येऊ लागली. उजळ भाग क्षणात पांढरेफटक पडत. निगेटिव्हची सहनशीलता त्यात नव्हती. बॅटरी लवकर संपे, संवेदकावर धूळ बसे. शिवाय निकॉनचाच १९९६चा फिल्म कॅमेरा एफ५ सेकंदाला आठ चित्रे घेत होता.

१२/
त्यामुळे दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या. एकीने विचारले, ‘चित्र वेळेवर पोहोचेल का?’ दुसरीने विचारले, ‘चित्र टिकेल का?’ वृत्तपत्राचे आयुष्य एका दिवसाचे असते, म्हणून तेथे पहिल्या प्रश्नाने बाजी मारली. मासिके आणि ग्रंथांची छायाचित्रे करणारे मात्र बराच काळ फिल्मवरच विसंबून राहिले.

१३/
‘टिकेल का?’ या प्रश्नामागे एक ताजे उदाहरण होते. १९९८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन आणि मोनिका लुइन्स्की यांचे प्रकरण उघडकीस आले. ‘टाइम’चे छायाचित्रकार डर्क हॉल्स्टेड यांना तो चेहरा ओळखीचा वाटला. हजारो जुन्या पारदर्शिका धुंडाळल्यावर त्यांना ऑक्टोबर १९९६च्या निधिसंकलन समारंभातील एक चौकट सापडली. तीत ते दोघे एकत्र होते.

१४/
त्या समारंभात इतर छायाचित्रकारही होते आणि त्यांपैकी काहींकडे डिजिटल कॅमेरे होते. परंतु तेव्हा त्या तरुणीला कोणी ओळखत नव्हते. साठवणीची जागा महाग होती. निरुपयोगी वाटलेली चित्रे पुसली गेली. हॉल्स्टेड यांची पारदर्शिका केवळ ती फेकली गेली नाही, म्हणून वाचली. आज बिनमहत्त्वाचे वाटणारे उद्या पुरावा ठरेल, हे टिपताना कोणालाच ठाऊक नसते.

१५/
अशी दुही यापूर्वीही पडली होती. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ३५ मिलिमीटर फिल्मचा लायका कॅमेरा मांडला गेला. त्याची निगेटिव्ह चिमुकली होती. अमेरिकेतील अनेक वृत्तछायाचित्रकार त्यानंतरही कित्येक वर्षे मोठ्या निगेटिव्हचा अवजड स्पीड ग्राफिकच वापरत राहिले. हट्ट म्हणून तो हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण मोठ्या निगेटिव्हचा तपशील खरोखरच सरस होता.

१६/
डी१नंतर मात्र बदलाचा वेग थरारक होता. २००१ मध्ये निकॉनने डी१एक्स आणि डी१एच आणले. त्याच वर्षी कॅनॉनचा ईओएस-१डी आला, सेकंदाला आठ चित्रे घेणारा. २००२ मध्ये कॅनॉनने ११ मेगापिक्सेलचा, फिल्मच्या चौकटीएवढ्या संवेदकाचा १डीएस जाहीर केला. १९९९चे बहुतेक आक्षेप तीन-चार वर्षांतच निकाली निघाले.

१७/
यात पहिला बळी गेला तो डार्करूमचा. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतील लाल दिव्याच्या खोल्या एकेक करून बंद झाल्या आणि रोल धुणाऱ्या, प्रिंट काढणाऱ्या कुशल हातांचे काम संपले. जानेवारी २००६ मध्ये खुद्द निकॉनने एफ६ आणि एफएम१० वगळता आपले फिल्म कॅमेरे थांबवत असल्याचे जाहीर केले. डी१च्या घोषणेला तेव्हा सात वर्षेही झाली नव्हती.

१८/
आणि कोडॅक? २००५ मध्ये त्या कंपनीने व्यावसायिक डिजिटल कॅमेऱ्यांचे उत्पादन सोडले. २००९ मध्ये कोडाक्रोम ही प्रख्यात फिल्म बंद करण्याची घोषणा केली. जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीचे संरक्षण मागावे लागले. पहिला डिजिटल कॅमेरा जिच्या प्रयोगशाळेत जन्मला, त्या कंपनीचे पोट फिल्मवर चालत होते.

१९/
कारखान्यातून निघालेला कोडाक्रोमचा शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी यांना देण्यात आला. अवघ्या ३६ चौकटी. त्यांतील काही त्यांनी भारतात, मुंबईतील चित्रपट कलावंतांवर आणि राजस्थानातील रबारी समाजावर खर्च केल्या. तो रोल २०१० मध्ये कॅन्ससमधील पार्सन्स गावी धुतला गेला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला तेथे या फिल्मचे रोल स्वीकारणे थांबले.

२०/
आज साठवणीची जागा स्वस्त आहे. तरीही पुसण्याची सवय कायम आहे आणि जुन्या हार्ड डिस्क मुक्या पडत आहेत. डी१विषयीच्या रंगांच्या, लेन्सच्या, मेगापिक्सेलच्या तक्रारी इतिहासजमा झाल्या. ‘चित्र टिकेल का?’ हा १९९९चा प्रश्न मात्र प्रत्येकाच्या खिशातील फोनपर्यंत येऊन पोहोचला आहे.

(समाप्त)